मॅग व्हीलचा ओरखडा पावसाआधी बुजवा

मोटारसायकलच्या मागच्या चाकात रात्री हवा भरावी आणि सकाळी बघावे तर कमी, ही तक्रार उरण-पनवेल भागात फिरताना शेतकरी बंधू नेहमी करतात. पंक्चरवाल्याला खिळा काही सापडत नाही. टायर उतरवल्यावर रिमच्या काठाला पांढरी भुकटी दिसते. ट्यूबलेस टायर जिथे रिमला घट्ट बसतो, तिथूनच हवा जात असते. याची सुरुवात कित्येकदा एका साध्या ओरखड्याने झालेली असते.

मॅग व्हील म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक. त्यावर रंग आणि रंगावर पारदर्शक लॅकर असतो. वाशीच्या मार्केटात भाजी उतरवताना फुटपाथची कड घासली की लॅकर फुटतो. आपल्याकडे खाडीची खारी हवा बारा महिने. मीठ आणि ओल फटीतून आत शिरते व लॅकरखाली दोऱ्यासारख्या पांढऱ्या रेषा पसरत जातात. मासळीच्या पाटीतून गळणारे पाणीही तेच करते. मोरचुदाचे तर विचारूच नका. ते धातूच्या भांड्यात कालवू नये हे सर्वांना पाठ आहे, पण सुपारीच्या फवारणीला जाताना चाकावर सांडले तर धुतो कोण? त्यातले तांबे अ‍ॅल्युमिनियमला खाते, खड्डे पडतात.

प्रथम चाक साध्या साबणाच्या पाण्याने धुवावे. अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक वापरू नये. मग ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकले नाही तर ओरखडा लॅकरपुरताच आहे. रबिंग कंपाउंड मऊ फडक्याने घासले की काम झाले.

नख अडकले तर मात्र बसून काम करावे लागेल. डिस्क, व्हॉल्व्ह आणि टायर मास्किंग टेप व जुन्या वर्तमानपत्राने झाका. डिस्कवर लॅकर उडाला तर ब्रेक लागणार नाही. सुटलेला लॅकर व पांढरी भुकटी ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, पाणी लावून, चांगला भाग लागेपर्यंत काढावी. भुकटी आत राहिली तर वरचे सगळे काम फुकट जाते. लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि गंजतात. खड्डा असेल तर धातूची पुट्टी भरून घासा. ८०० नंबरने कडा मिळवा, थिनरने पुसा, अ‍ॅल्युमिनियमला चालणारा प्रायमर द्या, मग रंग आणि शेवटी लॅकर. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरून पातळ हात द्यावेत, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटे सोडावीत. फवारणी करतो तसेच वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला मास्क लावून, उघड्यावर. हार्डनर मिसळायचा लॅकर जास्त टिकतो, पण त्याची वाफ फुप्फुसाला घातक असते. तो गॅरेजवाल्याकडूनच मारून घ्यावा.

हे काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करावे, फार तर मे महिन्यापर्यंत. मी स्वतः एकदा भर जुलैत केले. दमट हवेने लॅकर ताकासारखा पांढुरका झाला आणि सगळा पुन्हा खरवडावा लागला. आमच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी त्यावर चार दिवस चेष्टा केली.

चाकाला तडा असेल किंवा रिम वाकली असेल तर वरून रंग मारून झाकू नका. गॅसच्या ज्योतीने तापवून ठोकणारे भेटतात, पण तापवल्याने या धातूची ताकद जाते. ओझे लादून रात्री महामार्गावर गाडी घालणाऱ्याने असे चाक सरळ बदलावे. रिमच्या आतल्या काठावर भुकटी असेल तर टायर पंक्चरवाल्याकडून उतरवून ती जागा हलक्या हाताने साफ करून घ्यावी. तिथे रंगाचे जाड थर देऊ नयेत, टायर नीट बसत नाही.

लॅकर दिल्यावर एक दिवस गाडी काढू नये आणि आठवडाभर चाकावर जोराचे पाणी मारू नये.