जिथं ऊन नाही, तिथं धूर

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात राहायला आल्यावर माझी खाण्याची फारशी आबाळ झाली नाही. इथल्या देशी किराणा दुकानांत तूरडाळ, तांदळाचं पीठ, कोकम सगळं मिळतं. पाकीटबंद सुके बोंबीलही मिळतात. १९९७ मध्ये युरोपियन कमिशनच्या नियमांमुळे बोंबलांची इकडची वाट बंद झाली होती. मान्यता मिळालेल्या ठिकाणी पाकीटबंद करून पाठवायची सोय झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. पण मला ज्या मासळीची ओढ लागते, ती आमच्या गावच्या, खर्डीच्या बाजारातही विकायला नसते. ती घरातच तयार होते. पहिल्या पावसात ओहोळात धरायची, चुलीच्या निखाऱ्यांवर शेकायची आणि पुढं कित्येक आठवडे धुरात ठेवायची. रात्रपाळी संपवून मी रुग्णालयातून बाहेर पडते, टे नदीवरून पावसाचा वारा अंगावर येतो, आणि मला नागलीची भाकर आणि ती मासळी आठवते.

खर्डी म्हणजे शहापूर तालुक्यातलं, कसाऱ्याच्या अलीकडचं स्टेशन. आटगावहून कसाऱ्याकडे जाताना लागतं. आसनगाव-कसारा लोहमार्ग १८६१ साली सुरू झाला, तेव्हापासून आमचा मुंबईशी संबंध. दुसरा संबंध पाण्याचा. एका अंगाला तानसाचं खोरं, दुसऱ्या अंगाला भातसाचं. तानसा धरणाचं पाणी मुंबई १८९२ पासून पितेय, मग वैतरणेवरचं मोडकसागर आलं, मग भातसा. एवढी धरणं इथं का बांधली, हे आमच्याकडचा एक पावसाळा काढल्यावर कळतं. घाटाला ढग अडतात आणि आठवडाभर सूर्य दिसत नाही. अंगणात घातलेले कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं, सरपण दमट होतं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्याकडे मासळी येते. मृगाचे चार दमदार पाऊस झाले, ओहोळ गढूळ वाहू लागले, की नदीतले मासे अंडी घालायला उलट्या धारेनं वर चढतात. थेट भातखाचरांपर्यंत येतात. ही वलगण. गावात कुणीतरी ओरडतं आणि घोंगडी, इरली, हाताला येईल ते घेऊन माणसं बांधांवर धावतात. कातकरी आणि ठाकूर मंडळींचा यात हातखंडा. पाणी कुठं वळेल, मासा कुठल्या कोपऱ्याला दम खाईल, हे त्यांना बघताक्षणी समजतं. मळ्या, खवल्या, शिंगट्या, बारकी वाम असं मिळतं. एका रात्रीत इतकं, की दोन दिवसांत खाऊन संपायचं नाही.

मग ते टिकवायचं कसं? वर्सोवा, अर्नाळा, सातपाटी इथल्या कोळीवाड्यांत बोंबील वलांडीवर टांगतात आणि कडक ऊन त्यांना खडखडीत करतं. पण ते उघाडीचे महिने. आमची मासळी येते ती ऊन गेल्यावर. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याशी हे काम धुराकडे आलं. महाराष्ट्रात सुकी मासळी म्हटलं की सगळ्यांना किनारा आठवतो. डोंगरातली ही धुरावरची मासळी घराबाहेर पडतच नाही, म्हणून तिचं नाव कुणाला ठाऊक नसतं.

आमच्या आजीची पद्धत मला अजून बारीकसारीक तपशिलासकट दिसते. माशाचं पोट ती अंगठ्याच्या नखानं फोडायची, आतलं काढून टाकायची, कल्ल्यात बोट फिरवून पाण्याखाली धुवायची. मीठ-हळद चोळून मासळी सुपात निथळत ठेवायची. सगळ्यांची जेवणं झाली की चुलीतला जाळ बाजूला ओढून नुसता आर पसरायचा, त्यावर बांबूची ताटी दोन विटांवर टेकवायची आणि मासे एकमेकांना न चिकटता मांडायचे. कातडी ताणून करडी पडली आणि डोळा पांढरा झाला की उलटायचे. माशातलं तेल निखाऱ्यावर पडलं की चर्र आवाज व्हायचा आणि त्याच्याच धुराचा एक लोट वर यायचा. सकाळी ती ताटी चुलीच्या वर, हात पुरेल इतक्या उंचीवर टांगली जायची. त्यानंतर वेगळं काही करायचं नसे. चहा, भाकर, आंघोळीचं पाणी, जे काही चुलीवर व्हायचं त्याचा धूर मासळीला लागायचा. सरपण ऐनाचं किंवा धावड्याचं. ओलं लाकूड आजी चुलीजवळ फिरकू द्यायची नाही. त्यानं मासा कडू होतो, म्हणायची. गणपतीपर्यंत मासा तांबूसकाळा आणि इतका कोरडा व्हायचा, की दोन मासे एकमेकांवर आपटले तर टक्क वाजायचं.

या धुरात तीन कामं एकदम होतात. चुलीच्या उबेनं माशातलं पाणी उडतं, आणि पाणी नसलं की कुजवणाऱ्या जंतूंची वाढ थांबते. लाकडाला टणकपणा देणारं लिग्निन जळताना ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी फिनॉल जातीची द्रव्यं सुटतात. ती जंतूंना आवरतात आणि माशाच्या तेलाला खवट होऊ देत नाहीत. लाकडातल्या सेल्युलोजपासून निघणारी द्रव्यं माशातल्या प्रथिनांशी जुळून तो तांबूस रंग आणतात. ‘धुराचा वास’ आपण ज्याला म्हणतो, तो मुख्यतः या फिनॉलांचा.

वासाची ओढ इतकी जबर का, याचंही कारण शरीरात आहे. डोळ्या-कानांकडून येणारे संदेश मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या ठाण्यावर थांबतात. वासाचे संदेश ते ठाणं वगळून, भावना आणि आठवणी जिथं घडतात त्या भागांशी सरळ जाऊन भिडतात. म्हणून परदेशातल्या माणसाला आईचा फोटो पाहून जे होत नाही, ते शेजारच्या खिडकीतून आलेल्या फोडणीच्या वासानं होतं. भूक असते पोटाची, पण मागणी त्या अख्ख्या घराची असते.

डंडीहून गाडीनं पाऊण तासाच्या आत आर्ब्रोथ येतं. बंदराजवळच्या गल्लीत शिरले आणि तो वास आला तेव्हा मी जागच्या जागी थांबले. तिथं हॅडॉक नावाचा समुद्री मासा साफ करून, मीठ लावून, शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीनं काठीवर टांगतात. खाली ओक किंवा बीच लाकडाचा जाळ, वर ओलं तरट. तासाभरात मासा सोनेरी होऊन शिजतो. हे मूळचं शेजारच्या ऑकमिथी या मच्छीमारांच्या वाडीचं कसब. २००४ साली त्याला युरोपची भौगोलिक ओळख मिळाली, त्यामुळे आर्ब्रोथच्या आसपास ८ किलोमीटरच्या आत, त्याच रीतीनं केलेल्या माशालाच ‘आर्ब्रोथ स्मोकी’ म्हणता येतं. तिथं उभं राहून माझ्या मनात आलं, की हा देश आणि माझा तालुका एकाच अडचणीतून एकाच उत्तराकडे आले. दोघांकडेही मासा भरपूर आणि भरवशाचं ऊन नाही. आपल्याच देशात मणिपूर-नागालँडच्या पावसाळी डोंगरांतही मासळी धुरावरच ठेवतात.

चवीत मात्र फरक आहे. स्मोकी रसाळ असते, ताजीच खायची. आमची मासळी कोरडी, दडस, तेलाची. माझ्या जिभेला जवळचा वाटला तो इथला धुरावलेला बांगड्याच्या जातीचा मासा, मॅकरेल. मी तो तव्यावर पुन्हा कोरडा करते, काटे काढते, ठेचलेला लसूण आणि लाल मिरची तेलात परतून त्यात टाकते, वर भिजवलेल्या आंबोशीचे तुकडे आणि अर्धी वाटी पाणी. पाणी आटेपर्यंत झाकण ठेवायचं नाही. घरी आई हेच मातीच्या तव्यात करते. माझा तवा बिडाचा. चव अगदी घरची होत नाही, पण भाकर दोन घास जास्त जाते.

घरून आणायचं म्हटलं तर ब्रिटनच्या नियमांत वैयक्तिक वापरासाठी ठरावीक वजनापर्यंत धुरावलेली मासळी बसते. दुधाचे पेढे मात्र बसत नाहीत. तरी निघण्याआधी नियम पाहून घ्यावेत. खरी अडचण घरातच आहे. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, तशी आमच्या भागात शेगडी-सिलिंडर घरोघर पोचले आणि चूल पडवीत गेली. याचं मला दुःख नाही. आजीचा खोकला मी ऐकलेला आहे, आणि दम लागलेल्या बायका रुग्णालयात रोज पाहिल्या आहेत. धूर मासळीलाही सर्वस्वी निर्धोक नसतो. लाकूड अर्धवट जळलं, चरबी निखाऱ्यावर टपकली की बेंझोपायरीनसारखी कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं तयार होतात. युरोपात बहुतेक धुरावलेल्या मासळीत बेंझोपायरीनची मर्यादा किलोमागे २ मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे.

म्हणून जुनं स्वयंपाकघर परत आणा, असं मी म्हणणार नाही. धुराचं काम घराबाहेर काढता येतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं मासळी धुरावण्याच्या भट्ट्या तयार केल्या आहेत. सेनेगलमध्ये थियारोय इथं संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीनं अशी भट्टी घडली, जिच्यात टपकणारी चरबी विस्तवापर्यंत पोचत नाही. बचत गटाच्या बायकांना असं एक धुराडं अंगणात बांधून मिळालं, तर कष्ट आणि खोकला दोन्ही वाचतील.

पण वलगणीत चढणारा मासा अंड्यांनी भरलेला असतो. तो सगळाच काढला तर पुढच्या वर्षी ओहोळ रिकामा. त्यात आता बारीक डोळ्यांची जाळी आणि खाचरांतली औषधं. माझ्या भावानं यंदा ठरवलंय, की पहिल्या दोन रात्री आमच्या बांधावर कुणी जाळं लावायचं नाही आणि अंगठ्यापेक्षा बारका मासा पाण्यात सोडायचा. शेजारपाजारची चार घरं त्याच्याबरोबर आली आहेत. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या धुरावरच्या मासळीलाही उद्या स्वतःचं नाव मिळू शकतं. पण मानांकनाचा अर्ज कागदावर भरायचा असतो आणि मासा ओहोळातच असावा लागतो. आधी मासा राखू, मग नावाचं बघू.