लाकडाचा कल पाहणारा कारागीर

लाकूड जळते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. मग लाकडाच्याच वाटीत तंबाखू पेटवून माणसे वर्षानुवर्षे ओढतात आणि ती वाटी मात्र जळत नाही, हे कसे? आपल्या चिलमीचे कोडे सोपे. ती मातीची, भट्टीतूनच बाहेर आलेली. पाश्चात्त्यांच्या पाइपचे तसे नाही.

याचे उत्तर भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ टेकड्यांवर सापडते. तिथे ‘ब्रायर’ नावाचे झुडूप वाढते. जमिनीलगत, खोड आणि मूळ यांच्या मध्ये त्याला एक गाठ धरते. कोरड्या उन्हाळ्यात झुडपाला तगवणारी आणि वणव्यानंतर पुन्हा अंकुर फोडणारी ती हीच. दाट, कठीण आणि जाळाला सहजासहजी दाद न देणारी. ही गाठ खणून काढायची, तडकू नये म्हणून ओली ठेवायची, तिचे ठोकळे कापून तासन् तास उकळायचे आणि मग महिनोन् महिने सुकवायचे. एवढे सोपस्कार झाले की मगच कारागिराचे काम सुरू होते. फ्रान्समधील सें-क्लोद या गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या लाकडावर आपला संसार चालवला.

या धंद्याला वेगळे वळण दिले ते सिक्स्टेन इव्हार्सन यांनी. जन्म १९१० चा, माणूस मूळचा स्वीडनचा, पण नाव झाले डेन्मार्कमध्ये. कोपनहेगनच्या एका दुकानात ते मोडके पाइप दुरुस्त करीत. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तूचे पोट दिसते. धुराचा मार्ग कुठे तुंबतो, भिंत कुठे पातळ होऊन करपते, नळी कुठे दाताखाली तुटते, हे सारे त्यांनी गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून शिकून घेतले असणार.

कारखान्यात यंत्र आधी भोके पाडी आणि त्या भोकांभोवती ठरलेला आकार उतरवी. इव्हार्सन यांनी क्रम उलटा केला. ते ठोकळा हातात घेऊन आधी त्याच्या रेषा पाहत. ब्रायरला एका बाजूने उभ्या, ज्वाळेसारख्या रेषा असतात. आडव्या छेदावर त्यांचेच बारीक ठिपके दिसतात, पक्ष्यांच्या डोळ्यांसारखे. या रेषांचा कल जिकडे, तिकडे ते आकार वळवीत आणि भोके नंतर पाडीत. सांगायला सोपे, करायला महाकठीण! कारण आकार तयार झाल्यावर तोंडाकडून येणारे बारीक भोक वाटीच्या तळाशी नेमके मध्यभागी निघायला हवे. हात जरा चुकला की दिवसभराची मेहनत वाया.

हात चुकला नाही तरी लाकूड दगा देते. गाठ वाढताना तिच्या पोटात वाळूचे कण, खड्डे लपून राहतात. वरून काही कळत नाही. पाइप जवळजवळ पुरा व्हावा आणि घासता घासता नेमक्या दर्शनी बाजूला एक काळा खड्डा उघडा पडावा! अशा वेळी लिंपून विकणारेही असतात. नावाला जपणारा कारागीर तो ठोकळा बाजूला टाकतो आणि नवा हातात घेतो.

इव्हार्सन २००१ मध्ये वारले. मुलगा लार्स यांनी ती विद्या पुढे नेली. फुगलेल्या माशासारखा ‘ब्लोफिश’ हा आकार त्यांचाच. तेही २०१८ मध्ये गेले. नात नाना हिने आजोबा आणि वडील या दोघांच्या हाताखाली शिकून हेच काम पत्करले. जपानमधूनही कारागीर शिकायला कोपनहेगनला आले. नुसते बघून येणारी ही विद्या नव्हे. शेजारी बसून, ठोकळे बिघडवूनच ती येते.

आता एक अवघड गोष्ट बोलायला हवी. पाइप कितीही सुंदर असला तरी त्यात जळते ती तंबाखूच. तोंडाचा, घशाचा कर्करोग ती कलाकुसर पाहून थांबत नाही. भारतात २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण व्यसन जाताना त्याच्याबरोबर एक हातही जातो, लाकूड वाचणारा हात. व्यसनाचे दुःख कुणी करू नये. हाताचे थोडे केले तर चालेल. तो हात जगायचा तर त्याला दुसरे काम मिळायला हवे.

तुमच्या घरी एखाद्या जुन्या पेटीत आजोबांचा पाइप निघाला, तर तो पुसा, उजेडात धरा. रेषा कुठून निघून कुठे जातात ते मुलांना दाखवा. तो पेटवू मात्र नका.