वेलनेस क्लिनिकचे दर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वजन घटवणे, केस-त्वचेचे उपचार, पंचकर्म, सांधेदुखीवरची थेरपी या सेवा ‘वेलनेस क्लिनिक’ या एकाच पाटीखाली मिळतात. मात्र अशी स्वतंत्र वर्गवारी महाराष्ट्राच्या आरोग्यविषयक कायद्यांत नाही. डहाणू-तलासरीतला रुग्ण यासाठी गावातल्या क्लिनिकमध्ये, पालघर-बोईसरला किंवा हद्द ओलांडून उंबरगाव, वापी, सिल्वासाला जातो. ‘पॅकेज’चा आकडा तोंडी सांगितला जातो, आगाऊ रक्कम घेतली जाते आणि औषधे, तेले, तपासण्या यांचा खर्च नंतर वाढत जातो. तक्रारीची वाट अडते ती बहुधा गैरसमजांमुळे.

खासगी दवाखान्याने दर सांगितलाच पाहिजे असे नाही, हा पहिला गैरसमज. दर किती असावा हे सरकार सर्वसाधारणपणे ठरवत नाही, हे खरे. पण तो लपवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ॲलोपॅथी डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहितेनुसार शुल्क फलकावर स्पष्ट लावायचे असते आणि उपचार सुरू होण्यापूर्वी सांगायचे असते. नोंदणी क्रमांकही दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर हवा. रुग्णाने कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागतात.

याच्या उलट टोकाचाही एक समज आहे. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नियमांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावणे सक्तीचे केले, म्हणून प्रत्येक क्लिनिक त्यात येते असे मानले जाते. तो नियम १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचा आहे आणि रुग्ण दाखल करून घेणाऱ्या संस्थांपुरता आहे. खाटा नसलेले, दिवसा चालणारे क्लिनिक त्यातून सुटते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. ही खरी उणीव आहे, आणि लहान गावातल्या रुग्णाला ती जास्त जाचते.

डॉक्टरांना ग्राहक कायदा लागू नाही, हे मात्र साफ चूक. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली व्ही. पी. शांता प्रकरणात दिला. २०१९ च्या नव्या कायद्यात आरोग्यसेवेचा नावाने उल्लेख नाही, हा युक्तिवाद मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. सर्वांनाच मोफत मिळणारी सरकारी रुग्णालयातली सेवा या कायद्याबाहेर राहते. पण मोफत शिबिरात तपासून नंतर विकलेले पॅकेज मोफत ठरत नाही.

‘पैसे परत मिळणार नाहीत’ असे पावतीवर छापले की विषय संपला, असे बहुतेक रुग्ण धरून चालतात. सेवा सदोष असेल तर ती थांबवून बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसल्यास ३० दिवसांत, पैसे परत न करणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल किंवा पावती न देणे हीसुद्धा तशीच प्रथा. ठरलेल्या सिटिंग न देणे, सांगितलेल्या डॉक्टरऐवजी भलत्याच माणसाकडून उपचार करवणे हे सेवेतील त्रुटीत बसते. रुग्णाने स्वतःहून मध्येच उपचार सोडले, तर सगळी रक्कम परत मिळेलच असे नाही. नुसत्या उद्धट बोलण्यावर दावा उभा राहणेही अवघड. त्यातून रुग्णाचे नुकसान झाले, हे दाखवावे लागते.

पक्के बिल नाही म्हणून तक्रारच करता येत नाही, हेही खरे नाही. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचे संदेश, पॅकेजचे पत्रक, भेटींचे कार्ड हे पुरावे म्हणून मांडता येतात. पाकीटबंद औषधावर किंवा तेलावर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे बेकायदा आहे. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध केली आहे.

हद्दीपलीकडचे क्लिनिक असेल तर तिकडेच खेटे घालावे लागतील, ही भीती तलासरीसारख्या सीमेवरच्या तालुक्यात स्वाभाविक आहे. आता तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते, ऑनलाइनही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही चालते. ती समेटाचा प्रयत्न करते, निकाल देत नाही. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार मात्र त्याची नोंदणी जिथे आहे त्या परिषदेकडे जाते : एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, बीएएमएस असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, आणि नोंदणी गुजरातची असेल तर तिथली परिषद.