सिनेमा आणि माध्यमं शिकायची म्हणजे काय शिकायचं?

इंदूरहून एका गृहस्थांचा फोन आला होता. मुलगी बी.ए. झाली आहे आणि आता विद्यापीठात सिनेमा-माध्यमं शिकायचं म्हणते. त्यांचा प्रश्न साधा होता : सिनेमा बघायला दोन वर्षं आणि फी कशाला?

माझी भाची कोलकात्याला जादवपूर विद्यापीठात हाच विषय शिकायला निघाली, तेव्हा मीही बहिणीला हेच ऐकवलं होतं. त्यामुळे उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगतो.

सीमेवर तणाव होता. रात्री मोबाइलवर एक व्हिडिओ आला. अंधारात तोफा धडाडताहेत, दूरवर स्फोट होताहेत. मी तो आमच्या जुन्या युनिटच्या ग्रुपवर टाकला, वर दोन अभिमानाची वाक्यं लिहिली. अर्ध्या तासात भाचीचा फोन.

"मामा, तू तोफखान्यातला ना? तो स्फोट किती लांब आहे?"

"असेल तीनेक किलोमीटर."

"मग चमक आणि आवाज एकदमच कसे?"

मंडळी, देवळालीला आम्हाला सुरुवातीलाच शिकवलं होतं की चमक दिसली की सेकंद मोजायचे, साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. म्हणजे तिथे नऊ सेकंद शांतता हवी होती. तो व्हिडिओ 'आर्मा ३' या संगणकावरच्या खेळातला होता. या खेळातली दृश्यं खऱ्या युद्धाची म्हणून इतकी फिरली आहेत की २०२२ मध्ये ती ओळखायची कशी, हे खेळ बनवणाऱ्या कंपनीलाच जाहीर सांगावं लागलं.

मी व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो पुढे गेला होता. कर्नलसाहेबांनी टाकलाय म्हणजे खराच, असं लोकांनी धरलं. आमच्या एका निवृत्त हवालदाराचा मुलगा तेव्हा त्याच भागात तैनात होता. त्या घरात रात्रभर कोणी झोपलं नाही. मी दुसऱ्या दिवशी माफी मागितली. पण ती रात्र काही परत घेता येत नाही.

आवाजाचं गणित मला येत होतं आणि भाचीला ते मीच लहानपणी शिकवलं होतं. तरी मी फसलो, कारण मला ते दृश्य खरं असायला हवं होतं. तिला मात्र दृश्य थांबवून विचारायची सवय लागली होती : कॅमेरा कुठे आहे, तिथे तो कोणी नेला, तुकडा कुठे कापलाय, आवाज त्याच जागेचा आहे की नंतर चिकटवलाय?

या अभ्यासात एक जुना प्रयोग हमखास येतो. सुमारे शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव कुलेशोव यांनी एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा घेतला आणि तो तीन वेगळ्या चित्रांना जोडला : सूपचं ताट, शवपेटीतलं मूल आणि एक स्त्री. असं सांगतात की पाहणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर अनुक्रमे भूक, दुःख आणि ओढ दिसली. चेहरा तोच होता, अर्थ जोडणीतून आला. आज बातमीच्या चॅनेलवर नेत्याच्या चेहऱ्यानंतर काय दाखवतात ते बघा, म्हणजे हा प्रयोग रोज कसा चालतो ते कळेल.

आता इंदूरच्या साहेबांनी मुलीला आधी हे विचारावं : सिनेमा करायचाय, समजून घ्यायचाय, की माध्यमांत काम करायचंय? वाटा वेगळ्या आहेत.

करायचा असेल तर पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट. ती १९६० साली प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली. कोलकात्याची सत्यजित राय यांच्या नावाची संस्था १९९५ची. तिथे दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी असं एकेक अंग हातांनी शिकवतात. जागा थोड्या आणि चुरस मोठी. समजून घ्यायचा असेल तर जादवपूर किंवा दिल्लीचं जेएनयू. तिथे वाचन आणि लेखन फार असतं, कॅमेऱ्याच्या ओढीने गेलेली मुलं तिथे कंटाळतात. दोन्हींच्या मधली वाट हवी असेल तर दिल्लीतल्या जामिया मिलियाचं १९८२ साली सुरू झालेलं माध्यम केंद्र आहे. तिथे चित्रीकरणही करून घेतात. प्रवेशाचे नियम बदलत राहतात, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहा.

खाजगी महाविद्यालयांबाबत जरा सांभाळून. चकचकीत स्टुडिओ दाखवतात. तुम्ही विचारा की एका विद्यार्थ्याला वर्षात किती तास कॅमेरा हातात मिळतो, संकलनाची किती यंत्रं चालू आहेत, गेल्या वर्षी मुलांनी काय बनवलं. फौजेत आम्ही शस्त्रागार बाहेरून बघून सही करत नव्हतो.

नोकरीचं विचाराल तर हमी नाही, हे स्पष्ट सांगतो. संकलन आणि ध्वनी येणाऱ्याला काम तुलनेने लवकर मिळतं, दिग्दर्शक व्हायचं असेल तर घरच्यांना धीर धरावा लागतो. भाची सध्या माहितीपटांच्या संकलनाला मदत करते. पैसे बेताचे आहेत, आणि बहीण ते मला दर दिवाळीला ऐकवते.

आणि साहेब, मुलगी अजून चाचपडत असेल तर तिला आधी सिनेमा-रसास्वादाच्या एखाद्या छोट्या शिबिराला पाठवा. पुण्यात असा वर्ग फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने वर्षानुवर्षं चालवला आहे. रोज सिनेमे बघायचे आणि त्यांवर बोलायचं. आठवड्याभरात तिचं तिलाच कळेल. ती ज्या अभ्यासक्रमाचं म्हणते आहे त्याची प्रत मला पाठवा, पुढच्या भागात तीच समोर ठेवून बोलू.