हेल्मेटमधला ब्लूटूथ आणि जीपीएस यंत्र : जोडणीचे काम शिकून घ्या

दुचाकीच्या सामानाच्या दुकानात आणि गॅरेजात अलीकडे एक वेगळे गिऱ्हाईक येऊ लागले आहे. त्याच्या एका हातात ब्लूटूथ बसवलेले हेल्मेट असते आणि दुसऱ्या हातात उपग्रहावरून रस्ता दाखवणारे यंत्र, ज्याला बाजारात सरळ जीपीएस म्हणतात. तो म्हणतो, "उस्ताद, दोन्हींवर ब्लूटूथची खूण आहे, पण दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. जरा जोडून द्या." उस्ताद अर्धा तास बटणे दाबतात. हेल्मेटचा दिवा लुकलुकतो, यंत्र शोध घेत राहते आणि शेवटी काहीच सापडत नाही. मग 'पीस खराब आहे' असे सांगून दोन्ही वस्तू परत दिल्या जातात. गिऱ्हाईक ज्याने माल विकला त्याच्याशी भांडायला जाते आणि पुन्हा कोणाच्याच दुकानात येत नाही.

बहुतेक वेळा दोन्ही पीस चांगले असतात. चूक विक्रीच्या वेळीच झालेली असते, कारण एक साधा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. तो प्रश्न कोणता आणि जोडणी कोणत्या क्रमाने करावी, हे दुचाकीच्या धंद्यातील आपल्या बांधवांनी समजून घेतले, तर भांडण टळेल आणि हातात एक नवे कामही येईल.

एक बोलणारा, एक ऐकणारा

ब्लूटूथ म्हणजे थोड्या अंतरावरची बिनतारी जोडणी. स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत १९९४ साली या कामाला सुरुवात झाली. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी संघ स्थापन केला. कोणत्याही कंपनीची वस्तू दुसऱ्या कंपनीच्या वस्तूला जोडली जावी, हा त्यामागचा हेतू. दहाव्या शतकात डेन्मार्क एकत्र आणणाऱ्या हेराल्ड राजाच्या टोपणनावावरून ब्लूटूथ हे नाव पडले.

पण ब्लूटूथची खूण असली की दोन वस्तू जुळल्याच, असे होत नाही. ब्लूटूथमध्ये निरनिराळी कामे वाटून दिलेली आहेत आणि त्यांना प्रोफाईल म्हणतात. आपल्या कामाची प्रोफाईल दोन. पहिली हँड्सफ्री, ती फोनवरच्या बोलण्यासाठी आहे. दुसरी ए-टू-डी-पी, तिच्यातून गाणी स्टिरिओ आवाजात येतात. या दोन्हींत एक बाजू आवाज पाठवणारी आणि दुसरी ऐकवणारी असते. मोबाईल हा पाठवणारा. हेल्मेटमधला संच हा ऐकवणारा.

आता जीपीएस यंत्राचे पाहा. चारचाकीसाठी बनवलेल्या बऱ्याच जीपीएस यंत्रांत ब्लूटूथ असतो, पण तो फक्त मोबाईलसाठी. फोन आला की त्याचा आवाज यंत्राच्या स्पीकरमधून यावा, एवढेच त्याचे काम. म्हणजे हे यंत्रही ऐकवणाऱ्यांपैकीच. ऐकवणारे हेल्मेट आणि ऐकवणारे यंत्र समोरासमोर ठेवले, तर पाठवणारा कोणीच नाही. दोघे दिवसभर शोधत राहिले तरी जोडणी होणार नाही. यात कारागिराचा दोष नाही आणि मालाचाही नाही.

मोटरसायकलसाठी खास बनवलेली यंत्रे वेगळी असतात. गार्मिन कंपनीची झुमो आणि टॉमटॉम कंपनीची रायडर ही त्यांतली जाणती नावे. अशी यंत्रे मोबाईलकडून आवाज घेतात आणि हेल्मेटकडे पाठवतात. एका बाजूला ऐकणारे, दुसऱ्या बाजूला बोलणारे. शिवाय ती पावसाला टिकतात आणि हातमोजे घालूनही त्यांचा पडदा चालतो.

म्हणून विचारायचा प्रश्न असा : हे यंत्र हेल्मेटकडे आवाज पाठवू शकते का? माहितीपुस्तकात 'हेडसेट' किंवा 'हेल्मेट' जोडण्याचे वेगळे पान असेल तर उत्तर होय. फक्त 'फोन जोडा' एवढेच लिहिले असेल तर गिऱ्हाइकाचे पैसे घेण्याआधी त्याला स्पष्ट सांगावे.

आखातातून आलेले यंत्र

कोकणातील अनेक घरांत कोणी ना कोणी दुबई, कुवेत किंवा मस्कतला असते. सुट्टीवर येताना भावासाठी, भाच्यासाठी अशी यंत्रे आणली जातात. अशा यंत्राबाबत दोन गोष्टी आधी तपासाव्यात. एक म्हणजे ते चारचाकीचे आहे की मोटरसायकलचे. दुसरी म्हणजे त्यातला नकाशा. यंत्र ज्या भागात विकले जाते, त्या भागाचे नकाशे त्यात भरलेले असतात. दुबईचे रस्ते अचूक दाखवणारे यंत्र रत्नागिरीत नुसता कोरा पडदा दाखवत असेल, तर भारताचा नकाशा वेगळा घ्यावा लागेल. त्याचा खर्च गिऱ्हाइकाला कळल्यावरच जोडणीला हात घालावा.

उपग्रहाचा संदेश मात्र सगळीकडे सारखाच मिळतो. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. चार उपग्रहांचा संदेश मिळाला की यंत्र आपली जागा काढते. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठीचा संदेश मुद्दाम बिघडवून देत असे, त्यामुळे शंभर मीटरपर्यंत फरक पडे. ते बंद झाल्यावर रस्त्याचे अचूक वळण सांगणे सोपे झाले. यंत्र हे संदेश फक्त घेते. त्याला मोबाईलचा टॉवर लागत नाही, महिन्याचे भाडेही लागत नाही. आंबोली किंवा कशेडीसारख्या घाटात मोबाईलची रेंज गेली तरी ज्यात नकाशा भरलेला आहे ते यंत्र चालूच राहते.

जोडणीचा क्रम

जोडणी तीन प्रकारे होते. गिऱ्हाइकाकडे काय आहे ते पाहून प्रकार ठरवावा.

पहिला प्रकार साखळीचा. मोबाईल यंत्राला जोडायचा आणि यंत्र हेल्मेटला. हेल्मेटचा संबंध एका यंत्राशीच राहतो. फोन, रस्ता सांगणारा आवाज आणि गाणी यांपैकी कोणाला आधी वाट द्यायची हे यंत्र ठरवते. गोंधळ कमी होतो. पण यंत्र बंद पडले की फोनही मुका.

दुसरा प्रकार दुहेरी. हेल्मेटला मोबाईल वेगळा आणि यंत्र वेगळे जोडायचे. त्यासाठी हेल्मेटच्या संचात दुसऱ्या फोनची किंवा जीपीएसची वेगळी जोडणी दिलेली असावी लागते. साध्या स्वस्त संचात ती बहुधा नसते.

तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त. वेगळे यंत्र न घेता मोबाईलमधला नकाशाच हेल्मेटला जोडायचा. डिलिव्हरीची मुले आणि गावातल्या गावात फिरणारे यांना तेवढे पुरते. लांब जायचे असेल तर नकाशा घरूनच मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. महागडा मोबाईल हँडलला बांधणाऱ्याला एक इशाराही द्यावा. मोठ्या इंजिनाच्या कंपनांमुळे आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असे ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वतःच जाहीर केले होते.

पहिल्या प्रकाराचे काम या क्रमाने करावे :

१. हेल्मेट, यंत्र आणि मोबाईल तिन्ही पूर्ण चार्ज करा. बॅटरी उतरलेली असताना केलेली जोडणी मध्येच तुटते.

२. मोबाईलचा ब्लूटूथ बंद करा. हे विसरले जाते आणि निम्मी कामे इथेच अडतात. आधी कधी जोडलेला मोबाईल जवळ असला की हेल्मेट चालू होताच तो त्याला पकडून बसतो.

३. हेल्मेट आणि यंत्र या दोन्हींतील जुन्या जोडण्या पुसून टाका. एकाच बाजूची पुसली तर दुसरी बाजू जुनी ओळख धरून ठेवते.

४. हेल्मेटचे बटण दाबून धरा. बऱ्याच संचांत लाल आणि निळा दिवा आळीपाळीने लुकलुकू लागला की तो जोडणीला तयार झाला असे समजावे.

५. यंत्राच्या ब्लूटूथच्या पानावर जाऊन हेडसेट शोधा आणि हेल्मेटचे नाव निवडा. जुनी यंत्रे चार आकडी क्रमांक मागतात. तो बहुधा ०००० असतो, क्वचित १२३४. २००७ नंतरच्या ब्लूटूथमध्ये हा क्रमांक टाकण्याची गरज राहिली नाही.

६. आता मोबाईलचा ब्लूटूथ चालू करून तो यंत्राला जोडा, हेल्मेटला नाही.

७. सर्व बंद करा. आधी हेल्मेट, मग यंत्र, मग मोबाईल असे पुन्हा चालू करा. आपोआप जुळले तरच काम पूर्ण झाले असे समजा.

गिऱ्हाईक परत येते ती कारणे

जोडणी झाल्यावरही काही तक्रारी येतात. 'डावीकडे वळा' यातले 'डावीकडे' ऐकूच येत नाही, ही नेहमीची. यंत्र बोलायला लागते तेव्हा हँड्सफ्रीची वाट उघडायला क्षणभर लागतो आणि पहिला शब्द गिळला जातो. यंत्रात आवाज गाण्याच्या वाटेने, म्हणजे ए-टू-डी-पीने पाठवण्याची सोय असेल तर ती निवडावी. त्याने आवाजही स्वच्छ येतो.

आवाज बारीक येतो ही दुसरी तक्रार. आवाजाचे नियंत्रण दोन ठिकाणी असते. यंत्राचा आवाज मोठा ठेवून कमीजास्त हेल्मेटवरून करावे. स्पीकर कानाच्या बरोबर समोर आहे का, तेही पाहावे. बोटभर सरकला तरी वेगात वाऱ्यापुढे काही ऐकू येत नाही. त्यासाठी गिऱ्हाइकाला हेल्मेट डोक्यात घालायला लावूनच स्पीकर चिकटवावा.

तिसरी तक्रार यंत्र मध्येच बंद पडण्याची. इथे दोष ब्लूटूथचा नसून वायरिंगचा असतो. गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवरून यंत्राला लागेल तेवढाच दाब देणारा चांगला ॲडॉप्टर लावावा, बॅटरीजवळ फ्यूज घालावा आणि चावी बंद केल्यावर वीज तुटेल अशी जोडणी करावी. नाही तर सकाळी गाडी सेल्फवर उठणार नाही आणि बोल आपल्यालाच लागेल.

हेल्मेटला भोक पाडू नका

संच नीट बसावा म्हणून काही ठिकाणी हेल्मेटच्या कवचाला ड्रिलने भोक पाडतात किंवा आतला थर्माकोल कापून स्पीकरला जागा करतात. हे कधीही करू नये. डोक्यावर येणारा मार तो थर्माकोल दबून झेलतो. तो कापला की तेवढ्या जागी डोके उघडे पडते. संच क्लिपने किंवा चिकटपट्टीने बसवावा आणि वायर अस्तराखालून न्यावी. कानाशी खोबण दिलेले हेल्मेट नसेल तर काम घेऊ नये.

विक्री करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे, की १ जून २०२१ पासून दुचाकीचे हेल्मेट आयएसआय खुणेशिवाय विकता येत नाही. त्याचे मानक आयएस ४१५१ आहे. ब्लूटूथ बसवलेल्या हेल्मेटलाही त्यातून सूट नाही.

ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमानुसार गाडी चालवताना हातातल्या उपकरणाचा वापर फक्त रस्ता पाहण्यासाठी आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करता येतो. म्हणून यंत्र स्पीडोमीटर झाकणार नाही असे बसवावे. चालत्या गाडीवर गप्पा मारू नयेत आणि बाहेरचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज ठेवावा, हे दोन शब्द गिऱ्हाइकाला जरूर सांगावेत. या जोडणीचा खरा फायदा घाटात नजर रस्त्यावर राहण्यातच आहे.

मजुरी मागताना संकोच नको

आपल्या गॅरेजात एक जुनी सवय आहे. पाना फिरवला की मजुरी घ्यायची आणि नुसती बटणे दाबली तर 'त्यात काय' म्हणून सोडून द्यायची. या कामात पाना कमी आणि माहिती जास्त लागते, पण वेळ तेवढाच जातो. वायरिंगची मजुरी वेगळी, जोडणी आणि चाचणीची वेगळी, असे बिलावर लिहावे. काम सुरू करण्यापूर्वी कोणते यंत्र, कोणते हेल्मेट आणि काय जमणार नाही हेही बिलावरच नोंदवावे. नंतरचा वाद त्या एका ओळीने मिटतो.

दुकानातल्या शागीर्दांना हे काम जरूर द्यावे. या मुलांचे हात मोबाईलवर आपल्यापेक्षा सराईत असतात. त्यांना फक्त क्रम शिकवावा लागतो. एखाद्या वहीत कोणते हेल्मेट कोणत्या यंत्राला जुळले आणि कोणते जुळले नाही याची नोंद ठेवली, तर वर्षभरात ती वही दुकानातल्या कोणत्याही हत्यारापेक्षा जास्त उपयोगी पडेल. जे यंत्र जुळत नाही त्याला 'जुळत नाही' असे आधीच सांगितल्याने त्या दिवशीची विक्री कदाचित जाईल. पण पुढचे हेल्मेट घ्यायला ते गिऱ्हाईक खरे सांगणाऱ्याच्याच दुकानात येईल.