गाणी मदतीची, कमाई चोरट्यांची!

अपंग मुलांच्या शाळेसाठी चार नामवंत गायक जुने रुसवेफुगवे विसरून एका मंचावर आले. त्या जलशाचं तिकीट काढणाऱ्याचा पैसा शाळेला मिळाला. पण त्याच जलशाची चोरून केलेली टेप विकत घेणाऱ्याचा?

१३ ऑक्टोबर १९८६. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातलं माउंटन व्ह्यू शहर. तिथल्या शोरलाइन या खुल्या प्रेक्षागृहात हजारो रसिक जमले होते. ब्रूस स्प्रिंगस्टीन, टॉम पेटी अशी बडी बडी मंडळी गाणार होतीच. पण खरी उत्सुकता होती ती चौघांची. डेव्हिड क्रॉस्बी, स्टीफन स्टिल्स, ग्रॅहम नॅश आणि नील यंग पुन्हा एकत्र गाणार होते.

लोकसंगीताचा गोडवा आणि रॉकचा जोश यांचा मेळ घालणाऱ्या या चौकडीनं १९६९ मध्ये वुडस्टॉकचा महोत्सव गाजवला होता. पण चौघंही मानी. एकत्र यायचं, भांडायचं, पांगायचं, हाच त्यांचा परिपाठ! त्यातच क्रॉस्बी मादक द्रव्यांच्या पुरता आहारी गेला. टेक्सासच्या तुरुंगातून तो सुटला १९८६च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे या जलशाच्या जेमतेम दोन महिने आधी. ‘तू व्यसनातून बाहेर ये, मी पुन्हा तुमच्याबरोबर गाईन,’ असा शब्द नील यंगनं त्याला दिला होता. तो शब्द त्यानं पाळला. १९८८ मध्ये या चौघांची नवी तबकडीही निघाली.

बेनसाठी शाळा

या जलशामागे एका आईबापांची कळकळ होती. नील आणि त्याची पत्नी पेगी यांचा मुलगा बेन १९७८ साली जन्मला तो सेरेब्रल पाल्सी घेऊनच. हातपाय हलवता येत नाहीत, बोलता येत नाही. पण समजतं सगळं! अशा मुलांना शिकवणारी मनासारखी शाळा सापडेना, तेव्हा पेगीनं आणखी दोघांना सोबत घेऊन स्वतःच शाळा काढायचं ठरवलं. पैशांसाठी नीलनं मित्रांना साद घातली. पहिल्या जलशानंतर, १९८७ मध्ये ‘ब्रिज स्कूल’ उभी राहिली. चित्रांचे फलक, बोलकी यंत्रं, संगणक यांच्या मदतीनं मनातलं दुसऱ्यापर्यंत पोहोचवायला ती मुलांना शिकवते. ब्रिज म्हणजे पूल. नाव किती सार्थ!

पुढे हा जलसा जवळपास दरवर्षी होऊ लागला. त्याचा बाज ठरलेला होता. विजेच्या वाद्यांचा दणदणाट नाही. साधी गिटार, पियानो आणि गळा. मंचावर गायकांच्या मागे शाळेतली मुलं चाकाच्या खुर्च्यांवर बसून गाणं ऐकत. एरवी कान किटवणारे रॉक गायक इथे आपलीच गाणी हळुवारपणे गात. अशी गाणी दुकानातल्या तबकड्यांवर कुठून मिळणार? बूटलेगवाल्यांचं फावलं ते इथेच.

जाकिटातला टेपरेकॉर्डर

बूटलेग म्हणजे शब्दशः बुटाची नळी. तिच्यात लपवून दारू नेणाऱ्यांवरून हा शब्द आला. आपल्या भाषेत सांगायचं तर हातभट्टीचा माल! संगीतात त्याचा अर्थ गायकाच्या परवानगीशिवाय मुद्रित करून विकलेलं गाणं. रॉकमधली पहिली गाजलेली बूटलेग तबकडी बॉब डिलनच्या गाण्यांची, १९६९ सालची. जाकिटाच्या आत छोटा टेपरेकॉर्डर दडवायचा, मायक्रोफोन टोपीत खोचायचा आणि गाणं संपेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. अशा टेपवर गाण्याबरोबर टाळ्या, खोकला, शेजाऱ्याची कुजबुज सगळंच उतरतं. कधी ध्वनियंत्रणेतूनच बाहेर पडलेली स्वच्छ टेप हाती लागते. मग तिचा भाव काय विचारता!

टेप करणारे सगळेच चोर नव्हते. आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत रेकॉर्डर पुढ्यात ठेवून बसणारे दर्दी असत, तसे तिकडेही होते. ते टेपा विकत नसत. कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवला की प्रत करून देत. ‘ग्रेटफुल डेड’ या वाद्यवृंदानं तर १९८४ पासून अशा लोकांसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखली. अट एकच, धंदा करायचा नाही.

पण सीडी आली आणि या छंदाचा धंदा झाला. युरोपात कायद्याला पळवाटा होत्या. ब्रिटिश गायक फिल कॉलिन्सचा १९८३ मधला कॅलिफोर्नियातला कार्यक्रम जर्मनीत त्याला न विचारता सीडीवर विकला गेला. जर्मन गायकाचा कार्यक्रम जगात कुठेही झालेला असो, तिथला कायदा त्याला संरक्षण देई. परदेशी गायकाला मात्र नाही. युरोपीय न्यायालयानं ऑक्टोबर १९९३ मध्ये हा भेदभाव बेकायदा ठरवला. पण हा निकाल युरोपीय समुदायातल्या देशांच्या नागरिकांपुरताच होता. खुद्द अमेरिकेनंही अशा चोरट्या मुद्रणाविरुद्ध देशव्यापी कायदा केला तो १९९४ मध्ये.

ब्रिज स्कूलच्या जलशांबाबत तर ही चोरी अधिकच बोचते. इथे गायक स्वतःच्या खिशासाठी गातच नव्हते. जलशांतल्या निवडक गाण्यांची अधिकृत सीडी १९९७ मध्ये निघाली, पंचविशीनिमित्त २०११ मध्ये सीडी आणि डीव्हीडीचा संच आला. त्याचं उत्पन्न शाळेचं. चोरट्या सीडीतला छदामही शाळेला नाही!

दुसरी बाजू

चाहत्यांचंही म्हणणं आहे. इतक्या वर्षांच्या जलशांतली मोजकीच गाणी अधिकृतपणे बाहेर आली. बाकीची ऐकायची कुठे? चौकडीच्या १९७४च्या गाजलेल्या दौऱ्याचा अधिकृत संच निघायला तर २०१४ साल उजाडलं. चाळीस वर्षं चाहत्यांनी तहान भागवली ती चोरट्या टेपांवरच. खुद्द नील यंगनं २०२१ मध्ये ‘ऑफिशियल बूटलेग’ मालिका सुरू केली आणि चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत असलेली १९७४ची न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमाची टेप त्याच जुन्या नावानं २०२२ मध्ये स्वतः प्रसिद्ध केली. हातभट्टीच्या मालावर मालकानंच शिक्का मारला म्हणायचा!

म्हणून गाणं जपणारा आणि गाणं विकणारा यांना एकाच मापानं मोजता येत नाही. दर्द्यानं जपलेल्या टेपेमुळे एखादी रात्र वाचते. व्यापारी त्याच रात्रीचे पैसे करतो, तेही मंचावर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलांच्या वाट्याचे.

२०१३ मध्ये ही चौकडी ब्रिज स्कूलच्या मंचावर अखेरची एकत्र गायली. २०१६ नंतर जलसे थांबले. पेगी यंग २०१९ मध्ये गेली, क्रॉस्बी २०२३ मध्ये. चौघांचे सूर पुन्हा प्रत्यक्ष जुळणं आता नाही. राहिल्या त्या टेपा.

जलसे थांबले, तरी शाळा थांबली नाही. अशी एखादी टेप ज्याच्या कपाटात असेल, त्यानं ती खुशाल ऐकावी. पण त्या रात्रीच्या तिकिटाचे पैसे तेवढे शाळेला पाठवून द्यावेत. गाणं त्यासाठीच तर गायलं गेलं होतं!