विल्यम ग्रे : तोटा सोसणारा जहाजमालक

व्यापारी राजकारणात शिरतो तो आपला गल्ला राखायला, असे आपण धरूनच चालतो. अमेरिकेतील सेलम बंदराचे विल्यम ग्रे (१७५०–१८२५) याला अपवाद होते. त्यांची जहाजे रशिया, चीन, हिंदुस्थानपर्यंत जात. ब्रिटन-फ्रान्स युद्धात अमेरिकी जहाजे पकडली जाऊ लागली, तेव्हा डिसेंबर १८०७ मध्ये जेफरसन सरकारने परदेशी जलव्यापारच बंद केला. सेलमचे व्यापारी खवळले. ग्रे यांचाही धंदा बुडत होता, तरी देशहित म्हणून त्यांनी बंदीला जाहीर पाठिंबा दिला. स्नेही दुरावले, १८०९ मध्ये ते बॉस्टनला गेले. त्याच वर्षी बंदी उठली, हेतू साधलाच नव्हता. पुढे १८१० मध्ये ते मॅसॅच्युसेट्सचे उपराज्यपाल झाले. औषध लागू पडले नाही खरे. पण कडू मात्रा त्यांनी स्वतःही घेतली होती.